गोळाफेकीच्या रिंगणातून भारतीय संघात: किरण नवगिरेचे प्रकरण, मराठवाड्याच्या मैदानावरून पाहताना

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी नागपूर येथे वरिष्ठ महिलांच्या राष्ट्रीय टी-२० स्पर्धेत महाराष्ट्राच्या किरण नवगिरेने पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक पूर्ण केले. पंजाबने दिलेले १११ धावांचे आव्हान महाराष्ट्राने आठ षटकांतच पार केले आणि त्यात १०६ धावा एकट्या किरणच्या होत्या: ३५ चेंडू, १४ चौकार, ७ षटकार, आणि तीही नाबाद. महिलांच्या टी-२० क्रिकेटमध्ये इतक्या कमी चेंडूंत शतक त्यापूर्वी कोणीही केले नव्हते. न्यूझीलंडच्या सोफी डिव्हाइनचा ३६ चेंडूंचा विक्रम त्या दिवशी मागे पडला. विक्रम झाला तेव्हा किरणचे वय ३१ होते आणि भारताकडून खेळून तिला तीन वर्षे होऊन गेली होती.

जगातील सर्वांत जलद शतक करणारी फलंदाज भारतीय संघाबाहेर असावी, आणि भारतीय संघात तिचा प्रवेश झाला तोही महाराष्ट्राकडून नव्हे तर नागालँडकडून खेळून, या दोन गोष्टी समोरासमोर ठेवल्या की तिच्या कारकिर्दीचा बारकाईने विचार करावासा वाटतो. मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवतो. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला, त्यानंतर आमच्याकडे मुलींना घेऊन येणाऱ्या पालकांची संख्या वाढली. त्यांच्या बोलण्यात नाव स्मृती मानधनाचे असते, आणि ते साहजिकच आहे. परंतु ज्या मुली ते घेऊन येतात त्या स्मृतीसारख्या अकराव्या वर्षी राज्याच्या वयोगटातील संघात गेलेल्या नसतात. त्या सतरा-अठरा वर्षांच्या असतात, शाळेत कबड्डी किंवा खो-खो खेळलेल्या असतात, आणि सीझन बॉल, म्हणजे सामन्यात वापरतात तो चामड्याचा कठीण चेंडू, त्यांनी हातातही घेतलेला नसतो. या मुलींच्या बाबतीत उपयोगी पडेल असे उदाहरण कोणते, असे मला विचारले तर मी किरण नवगिरेचे नाव घेतो. त्याची कारणे, आणि त्या उदाहरणाच्या मर्यादा, येथे मांडत आहे.

पार्श्वभूमी

किरणचा जन्म सप्टेंबर १९९४ मधला. गाव सोलापूर जिल्ह्यातील मिरे, घर शेतकऱ्याचे. सोलापूर जिल्हा मराठवाड्यात येत नाही, पण धाराशिव जिल्ह्याची हद्द ओलांडली की तोच सुरू होतो, आणि शेतीवर चालणारे घर, शिक्षणासाठी पुण्याकडे लागलेले डोळे, घरातील मुलीच्या लग्नाचा विचार विशीच्या आतच सुरू होणे, या बाबतीत हद्दीच्या दोन्ही बाजूंना फरक नाही. २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात वानखेडेवर महेंद्रसिंग धोनीने मारलेला षटकार तिने पाहिला तेव्हा ती सोळा वर्षांची होती, आणि त्या षटकारानेच आपल्याला या खेळाकडे ओढले असे तिने सांगितले आहे. पुढे अनेक वर्षांनी, ५ मार्च २०२३ रोजी, महिला प्रीमियर लीगच्या पहिल्याच हंगामात ती यूपी वॉरियर्झकडून गुजरात जायंट्सविरुद्ध खेळायला उतरली तेव्हा तिच्या बॅटवर कोणत्याही पुरस्कर्त्याचे नाव नव्हते, मार्करने लिहिलेली ‘एमएसडी ०७’ ही अक्षरे होती.

षटकार पाहिल्यावर ती लगेच क्रिकेटकडे गेली नाही, कारण जायला जागाच नव्हती. तिचे पहिले खेळ मैदानी होते. भालाफेक, गोळाफेक आणि धावणे यांत तिने विद्यापीठ पातळीपर्यंत मजल मारली. क्रिकेटचे पद्धतशीर शिक्षण तिला पुण्यात, विशी ओलांडल्यावर मिळाले. या एका गोष्टीचा परिणाम तिच्या पुढच्या सगळ्या वाटचालीवर दिसतो, म्हणून ती नीट समजून घ्यावी लागते. मुलींसाठी क्रिकेट मंडळाच्या (बीसीसीआयच्या) स्पर्धा पंधरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांपासून सुरू होतात. राज्याचे निवडकर्ते, प्रशिक्षक आणि शिबिरांचे वेळापत्रक या गटांभोवती फिरते, आणि वरिष्ठ संघात येणाऱ्या बहुतेक मुली निवडकर्त्यांना चार-पाच वर्षांपासून नावाने ठाऊक असतात. विशीनंतर बॅट हातात घेणारी मुलगी या रांगेत मध्येच येऊन उभी राहते. तिच्या नावापुढे मागील धावा नसतात, तिला लहानपणापासून पाहिलेला कोणी माणूस निवड समितीत नसतो, आणि चाचणीच्या दिवशी नेटमध्ये मिळणारे दहा-बारा चेंडू हीच काय ती तिची ओळख ठरते.

तिच्याकडे काय होते

गोळाफेकीचा क्रिकेटशी काय संबंध, असा प्रश्न पालकच नव्हे तर काही प्रशिक्षकही विचारतात. मुलींच्या गोळ्याचे वजन चार किलो असते आणि भाल्याचे सहाशे ग्रॅम. महिला क्रिकेटचा चेंडू साधारण १४० ते १५१ ग्रॅमचा, म्हणजे पुरुषांच्या चेंडूपेक्षा थोडा हलका. गोळा फेकणारी मुलगी जोर दंडातून काढत नाही. मागच्या पायावर बसून, कंबर आधी वळवून, खांदा मुद्दाम मागे ठेवून आणि शेवटी हात सोडून ती जमिनीपासून वर आलेली ताकद गोळ्यात उतरवते. मिडविकेटवरून षटकार मारताना शरीराचा क्रम हाच असतो: पाय रोवला जातो, कंबर उघडते, खांदे तिच्या मागून येतात आणि मनगट सर्वांत शेवटी. ज्या मुलीच्या अंगात हा क्रम पाच-सहा वर्षांच्या फेकीने मुरलेला आहे तिला फटक्यातील ताकद शिकवावी लागत नाही. तिला शिकवावी लागते ती चेंडूची रेष, टप्पा आणि केव्हा मारू नये हे.

किरणच्या फलंदाजीत हे उघड दिसते. चेंडूखाली जाऊन उचलण्यापेक्षा तिचा भर पाय भक्कम रोवून सरळ आणि लेग साइडला ताकदीने मारण्यावर असतो. तिचे षटकार अनेकदा सीमारेषेच्या बरेच पलीकडे पडतात. महिला क्रिकेटमध्ये सीमारेषा कमी अंतरावर असते म्हणून षटकार सोपे, असे म्हणणाऱ्यांनी तिचे चेंडू कोठे पडतात ते पाहावे.

नागालँडचा हंगाम

महाराष्ट्राकडून किरण सुरुवातीला खेळली होती, परंतु तेथील फलंदाजीच्या फळीत तिला वरच्या क्रमांकावर सलग खेळायला मिळेल अशी जागा नव्हती. २०१८ नंतर ईशान्येकडील राज्यांचे संघ राष्ट्रीय स्पर्धांमध्ये आले आणि या संघांना बाहेरच्या राज्यांतून मोजके खेळाडू घेण्याची मुभा मिळाली. आपल्या संघटनेकडून ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन खेळाडू तेथे जाऊ शकतात. किरण २०२१-२२ च्या हंगामात नागालँडकडे गेली.

त्या हंगामातील राष्ट्रीय टी-२० स्पर्धेत अरुणाचल प्रदेशविरुद्ध तिने ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा केल्या. टी-२० मध्ये दीडशेचा टप्पा ओलांडणारी ती पहिली भारतीय ठरली. पुरुष खेळाडूंपैकीही तोपर्यंत कोणी तेथे पोहोचले नव्हते. स्पर्धेत तिच्या एकूण ५२५ धावा झाल्या आणि सर्वाधिक धावांच्या यादीत तिचे नाव पहिले होते.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो गंभीर आहे. नागालँड प्लेट गटात, म्हणजे नव्या आणि दुबळ्या संघांच्या खालच्या गटात, खेळत होता, समोरचे संघ नवखे होते, मग त्या धावांना काय किंमत द्यायची? माझ्या मते हा आक्षेप धावांच्या आकड्याला लागू पडतो, हंगामाला नाही. नवख्या गोलंदाजीवर केलेल्या १६२ धावा म्हणजे मजबूत गोलंदाजीवरच्या तेवढ्याच धावा नव्हेत, हे कोणीही मान्य करील. पण त्या हंगामात किरणला जे मिळाले ते वेगळेच होते. तिला वरच्या क्रमांकावर सामन्यामागून सामना फलंदाजी मिळाली, एका सामन्यात ७६ चेंडू खेळता आले, चूक झाली तरी पुढच्या सामन्यात त्याच जागी उतरता आले, आणि डाव बांधताना कोणत्या षटकात कोणावर तुटून पडायचे हा निर्णय स्वतः घ्यावा लागला. नेटमध्ये हे शिकता येत नाही, आणि मोठ्या राज्याच्या संघात सातव्या क्रमांकावर येऊन पाच चेंडू खेळणाऱ्या मुलीलाही ते शिकता येत नाही. लहान वयात जे डाव तिच्या वाट्याला आले नव्हते ते तिला सत्ताविसाव्या वर्षी नागालँडच्या संघाने दिले.

आक्षेपाचे खरे उत्तर महिनाभरातच मिळाले. मे २०२२ मध्ये पुण्याजवळ गहुंजे येथे महिला टी-२० चॅलेंज स्पर्धा झाली. महिला प्रीमियर लीग सुरू होण्याच्या आधीची ही शेवटची तीन संघांची स्पर्धा. किरणला दीप्ती शर्माच्या व्हेलॉसिटी संघात घेतले होते. स्मृती मानधनाच्या ट्रेलब्लेझर्सने त्या सामन्यात १९० धावा केल्या. व्हेलॉसिटीला जिंकता आले नाही तरी निव्वळ धावगतीच्या हिशोबाने अंतिम फेरीत जाण्यासाठी १५९ धावा पुरेशा होत्या. किरणने २५ चेंडूंत अर्धशतक आणि ३४ चेंडूंत ६९ धावा केल्या, ते स्पर्धेतील सर्वांत जलद अर्धशतक होते, आणि व्हेलॉसिटी हरूनही अंतिम फेरीत गेली. ट्रेलब्लेझर्सकडे पूनम यादव, राजेश्वरी गायकवाड, हेली मॅथ्यूज अशा आंतरराष्ट्रीय सामन्यांत मुरलेल्या गोलंदाज होत्या. प्लेट गटाची शंका येथे संपते. सामने मिळाल्यानंतर तिच्यात झालेला बदल ज्यांना पाहायचा होता त्यांना तो गहुंजेत दिसला, आणि निवड समितीलाही दिसला.

सहा सामने

१० सप्टेंबर २०२२ रोजी इंग्लंडमध्ये चेस्टर-ली-स्ट्रीट येथे किरणने भारताकडून पहिला टी-२० सामना खेळला. तिचा अठ्ठाविसावा वाढदिवस आठवड्यावर आला होता. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये बांगलादेशातील सिल्हेट येथे झालेल्या आशिया चषकाच्या विजेत्या संघातही ती होती. एकूण सहा सामने तिच्या वाट्याला आले, त्यांत एकही अर्धशतक झाले नाही, आणि आशिया चषकानंतर तिची जागा गेली.

हा भाग सांगताना माझ्यासारख्या तिच्या चाहत्याला दोन टोकाचे मोह होतात. एक, तिच्यावर अन्याय झाला असे म्हणून टाकण्याचा. दुसरा, ती त्या पातळीची नव्हती असे समजून प्रकरण मिटवण्याचा. मला दोन्ही पटत नाहीत. स्मृती, शफाली आणि हरमनप्रीत असलेल्या संघात वरच्या जागा ठरलेल्या होत्या. नागालँडकडून वरच्या क्रमांकावर भरपूर चेंडू खेळून धावा करणाऱ्या फलंदाजाला भारताकडून थोड्या चेंडूंत, सामना आधीच वळलेला असताना, आपले काम दाखवायचे होते. सहा सामने हा कोणत्याही फलंदाजाचा निवाडा करण्यासाठी अपुरा आधार आहे. तरीही, दुसरी बाजू तितकीच खरी आहे. आत येणारा किंवा बाहेर जाणारा नवा चेंडू, शरीराच्या जवळ टाकलेला वेगवान टप्पा, हळू सोडलेली फिरकी, यांना उत्तर शोधण्याची सवय चौदा ते अठरा या वयात शेकडो सामन्यांतून लागते. किरणकडे ती वर्षे नव्हती. तिची ताकद तिच्या आधीच्या खेळाने दिली होती, पण बचावाची सवय आधीच्या खेळाकडून मिळत नाही. उशिरा सुरुवात केल्याची किंमत आंतरराष्ट्रीय पातळीवर मोजावी लागते, आणि ती किंमत लपवून मुलींना हे उदाहरण सांगणे मला योग्य वाटत नाही.

त्या सहा सामन्यांनी तिला काहीच दिले नाही असेही नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला, त्यात भारताकडून न खेळलेल्या खेळाडूंची पायाभूत किंमत १० किंवा २० लाख रुपये होती, तर खेळलेल्यांची ३० लाखांपासून पुढे. यूपी वॉरियर्झने तिला ३० लाखांना घेतले. पहिल्याच सामन्यात १७० धावांचा पाठलाग करताना किम गार्थने वरची फळी कापून काढली असताना तिने ४३ चेंडूंत ५३ धावा करून डाव धरून ठेवला, आणि ग्रेस हॅरिसने शेवटच्या षटकात सामना जिंकून दिला. ही खेळी मला तिच्या जलद खेळींपेक्षा अधिक महत्त्वाची वाटते, कारण तीत तिने थांबणे दाखवले. पुढच्या वर्षी बंगळुरूत मुंबई इंडियन्सविरुद्ध सलामीला येऊन तिने ३१ चेंडूंत ५७ धावा केल्या. मार्च २०२५ मध्ये लखनौला बंगळुरूविरुद्ध १६ चेंडूंत ४६. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, पुन्हा महाराष्ट्राच्या संघातून, नागपूरचे ते शतक. तिशी ओलांडल्यावर तिचा खेळ वाढत चालला आहे, ही गोष्ट तिच्या सामन्यांची संख्या आणि तिचा खेळ यांतील नाते पुन्हा दाखवते.

मराठवाड्यातील मैदाने

क्रिकेटच्या नकाशावर मराठवाड्याचे आठही जिल्हे पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या कक्षेत येतात. येथून मुलगे वर गेलेले आहेत. संजय बांगर यांचा जन्म बीडचा, इक्बाल सिद्दीकी औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वविजेत्या संघात होता, आणि बीडच्या सचिन धसने २०२४ च्या त्याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा केल्या. मुलींनीही येथून देशाचे नेतृत्व केले आहे, फक्त खेळ दुसरा. धाराशिवच्या सारिका काळे हिने खो-खोत भारताचे कर्णधारपद भूषवले आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातील. खो-खोमध्ये मराठवाड्याची मुलगी मागे नाही, कारण तेथे शाळेचे मैदान, शिकवणारा शिक्षक आणि वर्षभर सामने या तिन्ही गोष्टी गावात मिळतात. क्रिकेटमध्ये मुलीला यांपैकी एकही गोष्ट गावात मिळेल याची खात्री नसते. २०२५ च्या महिला महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये पुणे, सोलापूर, रत्नागिरी आणि रायगड असे चार संघ होते. रायगडचे नेतृत्व किरणकडे होते. मराठवाड्याच्या नावाचा संघ त्या चारांत नव्हता.

परंतु ज्या ताकदीच्या बळावर किरण वर गेली ती ताकद आमच्याकडे रोज पहाटे मैदानावर उतरते, आणि हे सांगण्यासाठीच हा लेख लिहिला आहे. कोणत्याही जिल्हा क्रीडा संकुलावर पहाटे पाच वाजता जाऊन पाहावे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींनी ते भरलेले असते. शारीरिक चाचणीला मुलींसाठी आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक, मिळून पन्नास गुण. गोळा चारच किलोचा. आमच्या मैदानावर ऊसतोड कामगारांच्या घरच्या, अंगणवाडी सेविकांच्या, सालगड्यांच्या मुली या ‘ग्राउंड’साठी दोन-दोन वर्षे घाम गाळतात, आणि त्यांच्यातील काहींची धाव आणि फेक पाहून कोणत्याही क्रिकेट प्रशिक्षकाने थांबून पाहावे.

मागील हिवाळ्यातील एक प्रसंग सांगतो. मैदानाच्या एका बाजूला मुलांचे नेट चालू होते आणि दुसऱ्या टोकाला भरतीच्या मुली गोळा टाकत होत्या. एक उंच फटका त्यांच्या बाजूला गेला. गोळा टाकून नुकत्याच सरळ उभ्या राहिलेल्या एका मुलीने, मानेला माती तशीच असताना, सीझन बॉल उचलला आणि तिथूनच फेकला. तो टप्पा न पडता, फार उंच न जाता, यष्टिरक्षकाच्या हातात गेला. नेटमधील मुले क्षणभर गप्प झाली. मी तिला पॅड बांधायला लावले, हेल्मेट दिले आणि बॅट हातात ठेवली. पहिला चेंडू अंगावर आला तसा तिने पाय लेग साइडला काढला आणि डोळे मिटले. दुसरा तसाच. चार-पाच चेंडूंनंतर एक पुढे पडला आणि तो तिने गोलंदाजाच्या डोक्यावरून मारला. चेंडू पलीकडच्या भिंतीला लागला. बॅट परत देताना ती म्हणाली, “सर, मारायला येतंय, पण तो अंगावर येतोय तेव्हा काय करायचं ते सांगा.” नवगिरे प्रकरणातील ताकद आणि उणीव, दोन्ही त्या एका वाक्यात आली होती.

तिची आई दुसऱ्या दिवशी भेटायला आली. तिचे म्हणणे साधे होते आणि मला त्याला उत्तर देणे सोपे गेले नाही. भरतीत नंबर लागला तर महिन्याच्या महिन्याला पगार येतो, घर उभे राहते. “खेळण्यातून काय होतंय, आणि कवा होतंय, ते सांगा,” ती म्हणाली. बीसीसीआयने ऑक्टोबर २०२२ मध्ये महिला आणि पुरुषांचे आंतरराष्ट्रीय सामन्यांचे मानधन समान केले, टी-२० साठी तीन लाख रुपये. लीगमध्ये लाखांचे करार होतात. हे सगळे खरे असले तरी त्या आईच्या प्रश्नातील ‘कवा’ला ते उत्तर नव्हते. किरणलाही ते उत्तर सत्ताविसाव्या वर्षी मिळाले, आणि तोवरची वर्षे तिच्या घराने धीर धरून काढली म्हणून मिळाले. मी त्या मातेला भरती सोडून क्रिकेट खेळू द्या असे सांगितले नाही, आणि कोणत्याही प्रशिक्षकाने तसे सांगू नये असे माझे मत आहे. भरतीची तयारी चालू ठेवावी, ग्राउंड मारून झाल्यावर तास-दीड तास नेटला यावे, रविवारी सामना खेळावा, एवढेच मागितले. ताकदीची तयारी दोन्हीकडे एकच असल्याने तिचे भरतीचे काही बिघडत नाही. उलट राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, आणि देशातील अनेक महिला क्रिकेटपटूंनी रेल्वेत नोकरी करीत करीत कारकीर्द घडवली आहे. नोकरी आणि खेळ यांपैकी एकच निवडायचे, हा विचार आपल्याकडे विनाकारण रूढ झाला आहे.

या प्रकरणातून घ्यायचे ते

आमच्या मैदानावर आम्ही काही गोष्टी बदलल्या आहेत. मुलींना सुरुवातीचे काही महिने जोरात मारायला शिकवत नाही, कारण ते त्यांना येते. त्याऐवजी जवळून, हळू वेगाने, अंगावर येणारे चेंडू आधी टेनिस बॉलने आणि मग सीझन बॉलने टाकतो, आणि तिने पाय न काढता चेंडू पायाशी दाबून ठेवावा एवढीच अपेक्षा ठेवतो. भीती गेल्याशिवाय ताकद चेंडूपर्यंत पोहोचत नाही, हे फेकीच्या खेळातून आलेल्या मुलींच्या बाबतीत फार लवकर लक्षात येते. दुसरी गोष्ट सामन्यांची. मॅटवर होणाऱ्या रविवारच्या सामन्यात कमी पडणाऱ्या खेळाडूंच्या जागी आम्ही मुलांना घेतो, पण फलंदाजीच्या पहिल्या चार जागा मुलींच्याच राहतात आणि लवकर बाद झालेली मुलगी डाव संपल्यावर पुन्हा उतरते. खेळाच्या नियमात हे बसत नाही, पण आमचा हेतू तिला चेंडू मिळावेत हा आहे. किरणला जे नागालँडने दिले ते देण्यासाठी प्रत्येक मुलीला ईशान्येकडे पाठवणे शक्य नाही.

क्लबांकडून आणि शाळांकडून होण्यासारखे एवढे आहे. त्यापुढचे काम संघटनेचे आहे. आठ जिल्ह्यांतील मुलींचे संघ करून, निवड चाचण्यांच्या आधी, त्यांची साखळी स्पर्धा सीझन बॉलवर खेळवावी. लातूरची किंवा नांदेडची मुलगी रात्रीच्या बसने पुण्याला जाऊन सकाळी नेटमध्ये दहा-बारा चेंडू खेळते आणि त्याच रात्री परत येते, अशा चाचणीत गोळाफेकीतून आलेली मुलगी कधीच निवडली जाणार नाही. तिचे पहिले चार चेंडू पाय काढण्यातच जातील. चार-पाच सामन्यांत वरच्या क्रमांकावर खेळताना तीच मुलगी वेगळी दिसेल. वयोमर्यादेचाही विचार व्हावा. एकोणीस वर्षांखालील गटात जिचे नाव कधी आले नाही तिच्यासाठी तेवीस वर्षांखालील आणि खुल्या गटात जिल्हा पातळीवर दरवर्षी नव्याने नोंदणी खुली असावी, आणि मैदानी खेळांच्या तसेच खो-खो व कबड्डीच्या जिल्हा स्पर्धांना क्रिकेटच्या निवडकर्त्यांनी स्वतः जाऊन बसावे. भरतीच्या मैदानावर तर कोणीही जाऊ शकते. तेथे पहाटे पाच ते साडेसातपर्यंत मुली असतात, आणि मे महिन्यात उन्हामुळे त्या सातलाच निघून जातात.